डावं पुढचं चाक

आउने गाडी घेऊन आली तेव्हा उणे अठरा होतं
आणि डाव्या पुढच्या चाकातून वाफ निघत होती.
"पेट्रोल फार पिते," ती म्हणाली, "आणि जड झालीय.
उतारालाही ॲक्सिलरेटर द्यावा लागतो.
म्हातारी झाली, दुसरं काय. माझ्यासारखीच."
चौऱ्याहत्तरची साब. रंग कधीकाळी मोहरीचा.

मी काही बोललो नाही. ओंजळभर बर्फ उचलला
आणि चाकाच्या मध्यावर मारला.
चर्रर्र झालं, सौनातल्या तापल्या धोंड्यांवर पाणी पडावं तसं.
उजव्या चाकावर मारला,
तर तो नुसता बसून राहिला, अवघडलेल्या पाहुण्यासारखा.

जॅक लावला. दोन्ही हातांनी चाक ओढलं.
पाव वळण, एक कण्हणं, बस्स.

घाईतले लोक इथे कॅलिपर बदलतात,
लायनर बदलतात, बिल फाडतात,
आणि आठवड्यात गिऱ्हाईक परत दारात.
हे गॅरेज माझ्या आधी कौकोचं होतं. तो म्हणायचा,
चाकाला आधी विचार, तुला धरलंय कोणी?
गंजानं, की दाबानं?
हाताला दोघांची पकड सारखीच लागते.

ब्लीडरला पान्हा लावला. जरासाच फिरवला.
जुन्या कॉफीच्या रंगाचं तेल पिचकारीसारखं उडालं,
बाही भिजली,
आणि चाक एका बोटानं फिरू लागलं.
म्हणजे गंज नाही.
वर कुणी पेडल केव्हाच सोडलं होतं,
खाली ती बातमीच पोचली नव्हती.

ब्लीडर बंद. आउनेला आत बसवलं.
"दाब. आता सोड."
"सोडलाय."
"पूर्ण सोड."
"अरे, पाय सीटवर घेऊन बसलेय मी!"
चाक आवळलेलं.
या खेपेला नळीच्या वरच्या टोकाचा नट सैल केला.
दोन थेंब. चाक तसंच.
वरची मंडळी सुटली, मास्टर सिलिंडरसकट.
मधे उरली वीतभर रबरी नळी.

बाहेरून बघाल तर काळीभोर, एक चीर नाही.
बाकावर ठेवून उभी कापली.
आतून सुजलेली. भोक सुई जाईल एवढं.
पायाच्या जोरानं तेल पलीकडे घुसायचं.
परत यायला मात्र त्याला ढकलणारं कुणी नव्हतं.

"किती दिवस असं?" आउनेनं विचारलं.
"दिवस नाही. दोन-तीन हिवाळे."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ
हातमोज्याचा अंगठा आत-बाहेर करत राहिली.
दोन हिवाळ्यांपूर्वी तिनं साल्लाला जाणं सोडलं होतं,
बहिणीकडे, गुरुवारच्या पत्त्यांना. तो चढ झेपेना.
हेल्वीला सांगितलं, डोळ्यांना रात्रीचं दिसत नाही.
हेल्वी म्हणाली, कारणं सांगू नकोस.
तेव्हापासून फोन बंद.
ताइस्तोची होडी ओढायचा ट्रेलरसुद्धा विकून टाकला,
शेजाऱ्याला, येईल त्या भावात.
"मला वाटलं," ती म्हणाली,
"मला वाटलं, रस्ताच चढा झालाय."

नळ्या जोडीनं बदलायच्या असतात, दोन्ही बदलल्या.
नवं तेल. हवा काढली.
पुन्हा जॅक: डावं फिरलं, उजवं फिरलं,
डावं जरा जास्तच वेळ फिरत राहिलं.

पैसे देऊन झाल्यावर तिनं कापलेल्या नळीचं अर्धुक मागितलं.
मी म्हटलं, तेल लागेल.
तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.
"तिला पुरावा लागतो," म्हणाली. "लहानपणापासून."

गॅरेजसमोरचा उतार ती पहिल्यांदाच न रेटता उतरली.
गाडी आपोआप धावतेय म्हटल्यावर घाबरली असावी.
मागचे दिवे पेटले, विझले, पेटले.
खाली रस्ता फुटतो तिथे पेटले
आणि पेटूनच राहिले.
मी दार लोटायचा थांबलो. थंडी सगळी आत येत होती.

मग विझले.
कुठल्या बाजूला वळली ते दिसलं नाही,
नांगरलेल्या बर्फाचा ढीग माणसाहून उंच होता.